फेटा कुणाच्या डोक्यावर

मुरगूडच्या स्टँडसमोरचा तो डिजिटल बोर्ड बघितला आणि बसव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

बोर्डावर सगळ्यात वर गावचे पुढारी गणपतराव होते. हात जोडलेले, तोंड परातीएवढं. गणपतरावांनी आयुष्यात हॉकीची काठी हातात धरली नव्हती, पण मुरगुडात कुणाचाही सत्कार त्यांच्या फोटोशिवाय होत नसे. त्यांच्याखाली बसव्वाचे व्याही अण्णासो पट्टणशेट्टी, पाइप आणि मोटारपंपाच्या दुकानाचे मालक. त्यांच्याशेजारी जावई संगमेश, काळा चष्मा लावून. आणि अगदी खाली, कोपऱ्यात, एक हेल्मेट. हेल्मेटला पुढं लोखंडी जाळी आणि जाळीआड कुणीतरी. ती बसव्वाची लेक होती, पण ते बसव्वा म्हणत होती म्हणून खरं. त्या जाळीआड कंडक्टर बसवला असता तरी कुणाला पत्ता लागला नसता.

‘आमची सून, आमचा अभिमान! भारताच्या हॉकी संघाची गोलकीपर सौ. सौंदर्या व श्री. संगमेश पट्टणशेट्टी, उभयतांचा भव्य नागरी सत्कार.’

“उभयतांचा?” बसव्वा शेजारच्या पानपट्टीवाल्याला म्हणाली. “आमचा जावई कुठल्या गोलात उभा हुता, पावणं?”

“अवं मावशी, रीत हाय ती. जोडीनं सत्कार करायचा असतोय.”

“मग मार बी जोडीनंच खाल्ला असंल की!”

पानपट्टीवाला हसला. बसव्वा हसली नाही. ती उचगावहून सकाळची एसटी पकडून आली होती, तिच्या हातातल्या पिशवीत लेकीसाठी शेंगदाण्याची पोळी होती आणि डोक्यात बारा वर्षांचं साठलेलं होतं.

उचगावात बसव्वाची पिठाची गिरणी. नवरा गेला तेव्हा सौंदर्या लहान होती. गिरणी विकून माहेरी निपाणीकडं जा, असा सल्ला भावकीनं दिला. बसव्वानं सल्ला ऐकून घेतला आणि गिरणीचा पट्टा चढवला. पोरीला कोल्हापुरात शाळेत घातलं. तिथल्या खेळाच्या सरांना हॉकीसाठी अकरा पोरी पाहिजे होत्या. पळणाऱ्या दहा मिळाल्या. सौंदर्या अंगानं दांडगी, पळायला लावली की धापा टाकणारी. सरांनी तिला गोलात उभं केलं. जी पळत नाही ती गोलात, हा शाळेचा न्याय. त्या सरांना पुढं पेपरात ‘सौंदर्याला घडवणारे गुरू’ म्हणून छापलं, तेही असो.

पहिल्याच आठवड्यात पोर छातीवर काळानिळा डाग घेऊन आली. दुसरी आई असती तर खेळ बंद केला असता. बसव्वानं जुनी वाकळ फाडली, आत पोत्याचे तुकडे घातले, दुहेरी टाके मारले आणि पोरीच्या छातीला येईल असं जाडजूड चिलखत शिवून दिलं. त्या चिलखतावर सौंदर्या राज्याच्या संघापर्यंत खेळली. गल्लीतली पोरं ओरडायची, “नाव सौंदर्या, आन् तोंडावर जाळी!” बसव्वा गिरणीतून झाडू घेऊन बाहेर यायची.

शहाण्णव साली ती भारताच्या संघात गेली. तोवर शिबिरात तिचे पुढचे दोन दात पडले होते. दोघी गोलकीपरना मिळून एकच हेल्मेट होतं आणि त्या दिवशी ते दुसरीच्या वाट्याला आलं होतं! देशाची राखण करायला पोरी उभ्या करायच्या आणि डोकं झाकायला आळीपाळी लावायची. हे ऐकलं तेव्हा बसव्वाचा राग तीन दिवस उतरला नाही. सौंदर्यानंच तिला फोनवर समजावलं. गल्लीच्या कोपऱ्यावरच्या बूथवर, सगळे ऐकत असताना, बसव्वा फोनमध्ये ओरडत होती आणि पलीकडून लेक शांतपणे सांगत होती,

“अव्वा, गोलात उभं ऱ्हायाला राग लागतोयच. पर बॉल यीस्तवर तो दाबून धरायचा. आधी हाललं की संपलं.”

“आन् बॉल आला की?”

“मग पुढं जायाचं. गोलात थांबायचं न्हाय.”

मलेशिया, हॉलंड, अर्जेंटिना. पोर कुठं कुठं गेली. हिरव्यागार, पाणी मारलेल्या मैदानावर खेळली. बसव्वानं तिला मैदानावर खेळताना कधी पाहिलं नाही. गिरणी सोडून जायचं कसं? शेजारच्या पद्मावतीकाकूंकडं रंगीत टीव्ही होता. हॉकी कधीमधी लागायची, तेव्हा बसव्वा पिठानं पांढरी झालेली तशीच जाऊन उंबऱ्यात बसायची. पण टीव्हीवाल्यांचा न्यायही शाळेसारखाच. सगळा वेळ कॅमेरा चेंडूमागं. चेंडू आपल्या गोलाकडं आला, गोलकीपरनं पाय टाकून उडवला, की कॅमेरा लगेच चेंडूबरोबर पळाला दुसरीकडं. उडवणारीचं पुढं काय झालं, ती उठली की नाही, हे कुणाला बघायचं नाही. गोल झाला की मात्र तोच कॅमेरा जवळ यायचा, अगदी जाळीपर्यंत, आणि तिथून हलायचं नाव घ्यायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दळण घेऊन बायका यायच्या. “काय गं बसव्वा, लेकीनं कालचा बॉल सोडला की!”

दहा अडवले त्याबद्दल एक अक्षर नाही. बसव्वाही काही बोलायची नाही. फक्त त्या बाईचं पीठ त्या दिवशी जरा जाडं यायचं.

पोरीचं लग्न ठरवताना बसव्वानं एकच अट घातली होती. लेक खेळंल तवर खेळू द्यायचं. अण्णासो म्हणाले, “खेळू दे की, आमचं काय जातंय?” संगमेश मुलगा गरीब स्वभावाचा. बापापुढं मान वर करत नसे, पण बायकोपुढंही आवाज चढवत नसे. बसव्वाला वाटलं, चाललं. आणि चाललंही. तीन वर्षं कुणी अडवलं नाही, कारण तीन वर्षं कुणाचं लक्षच नव्हतं.

मग या वर्षी, दोन हजार चार साली, परदेशातल्या एका चषकाच्या अंतिम सामन्यात बरोबरी झाली आणि निकाल पेनल्टी स्ट्रोकवर गेला. समोर एकटी खेळाडू, मध्ये चेंडू, मागं गोल. सौंदर्यानं तीन स्ट्रोक अडवले. भारत जिंकला. पेपरात पहिल्या पानावर फोटो आला, आणि मुरगूडच्या बाजारपेठेला एकदम आठवलं की ही आपली सून आहे.

बसव्वा सासरच्या घरी पोचली तेव्हा सौंदर्या आवरत होती. खुंटीला भारताचा निळा कोट टांगलेला. खिशावर देशाचं चिन्ह.

“अव्वा, कोट घालू काय गं?”

“खुळी का काय? चार लोकं येणार. सत्कार हाय. इरकल नेस.”

सौंदर्यानं क्षणभर कोटाकडं बघितलं आणि मुकाट्यानं साडी नेसली. बसव्वानं स्वतःच्या हातानं तिच्या निऱ्या सारख्या केल्या. त्या निऱ्यांबद्दल तिनं पुढं स्वतःला बऱ्याच शिव्या दिल्या.

“सोमवारी बंगळूरला शिबिर हाय,” सौंदर्या पिन लावता लावता म्हणाली. “पुढच्या दौऱ्याचा संघ तिथनंच निवडणार. ह्यात न्हाय गेले तर परत बोलावणार न्हाईत, अव्वा. माझ्यामागं दोन चांगल्या पोरी हाईत.”

“मग जायाचं. अडीवलंय कुणी?”

“न्हाय. अजून तर न्हाय.”

मांडव भरला होता. हलगी कडाडत होती. आकाराम फेटेवाला स्टेजवर एका कडेला उभा राहून फेटे बांधत होता. त्याचा हात असा की बघेपर्यंत तुरा उभा. गणपतरावांना फेटा. अण्णासोंना फेटा. संगमेशला फेटा. सूत्रसंचालन करणाऱ्या मास्तरांना फेटा. ज्यानं खुर्च्या भाड्यानं दिल्या तोही उगाच स्टेजवर घुटमळत होता, त्यालाही फेटा. मधल्या खुर्चीवर सौंदर्या बसली होती, डोक्यावर पदर घेऊन. तिच्यापुढच्या टेबलावर तिचं हेल्मेट ठेवलं होतं. त्याला कुणीतरी हळदकुंकू वाहून झेंडूचा हार घातला होता.

बसव्वा खाली बायकांच्यात, चौथ्या रांगेत. आईला स्टेजवर बोलवावं असं कुणाच्या मनात आलं होतं म्हणे. मग कुणीतरी आठवण करून दिली की ओटी भरण्याचा कार्यक्रम आहे आणि बसव्वा विधवा आहे. बसवेश्वरांचं नाव घेणारं घर, आणि तिथं ही तऱ्हा! बसव्वानं तेही गिळलं. आजचा दिवस पोरीचा, असं स्वतःला बजावत राहिली.

गणपतराव उठले. खिंडीपासून सुरुवात केली, पन्हाळ्याला वळसा घातला आणि बऱ्याच वेळानं हॉकीवर आले.

“एका बाईनं देशासाठी गोल अडवले. पण मी म्हणतो, धन्य तो पती, ज्यानं आपल्या बायकोला खेळायची परवानगी दिली! धन्य ते सासरे!”

टाळ्या. संगमेशनं मान खाली घातली. फेट्याचा तुरा हलला.

“आणि आज अण्णासोंनी मला एक गोड बातमी सांगितली आहे. सूनबाई आजपासून खेळाला रामराम ठोकून संसाराकडं वळणार. देशाची खिंड लढवली, आता घराची खिंड लढवा! म्हणून या लेकीची आज आपण खणानारळानं ओटी भरणार आहोत.”

पुन्हा टाळ्या, पहिल्यापेक्षा जोरात.

 बसव्वानं लेकीकडं बघितलं. सौंदर्याचा चेहरा बघून तिला कळलं की हे पोरीलाही आत्ताच, या हजार माणसांबरोबर कळलं आहे. बारा वर्षांचा खेळ, दोन दात, मोडलेलं बोट, आणि तो संपल्याची बातमी तिला मिळाली ती लाउडस्पीकरवरून! गिरणीतला कामगार काढायचा तरी माणूस त्याला बाजूला बोलावून सांगतो.

बायका ताट घेऊन पुढं झाल्या. खण, नारळ, तांदूळ. सौंदर्या उठून उभी राहिली. साडीच्या आत तिचे गुडघे किंचित वाकले आणि भार चवड्यांवर आला, ते चौथ्या रांगेतून एकट्या बसव्वाला दिसलं. टीव्हीवर पेनल्टी कॉर्नरच्या वेळी ती अशीच उभी राहायची.

ओटी पदरात घ्यायची असते. ओटीला नको म्हणणारी बाई मुरगुडात अजून जन्मली नव्हती. सौंदर्यानं डोक्यावरचा पदर काढला, पाठीमागून घेतला आणि घट्ट कमरेला खोचला.

नारळ धरलेली बाई तशीच उभी राहिली.

“ओटी नको, वहिनी,” सौंदर्या म्हणाली. आवाज साधाच होता, पण माइक समोर होता. “माझा सत्कार करायचा असंल तर मला फेटा बांधा.”

हलगी थांबली. आकाराम गणपतरावांकडं बघू लागला. “ताई, बाईमाणसाला कवा बांधलेला न्हाय वं. आन् कापडं बी संपली.”

गणपतराव हसले. असल्या प्रसंगांतून हसत बाहेर पडायची त्यांना सवय होती. “अगं, नवऱ्याच्या डोक्यावरचा फेटा म्हंजे तुझाच की गं तो!”

“मग स्ट्रोक अडवायला बी त्यास्नीच उभं करायचं हुतं.”

मागं उभी असलेली पोरं फसकन हसली. सौंदर्या हसत नव्हती. ती नवऱ्याकडं वळली आणि नुसती बघत राहिली. 

संगमेशचे दोन्ही हात वर गेले. फेट्यापर्यंत पोचलेही. त्या भागात भर सभेत बांधलेला फेटा उतरवणं म्हणजे घराण्याचं नाक कापून टेबलावर ठेवणं, हे तिथल्या शेंबड्या पोराला ठाऊक होतं. तरी हात वर गेले होते, हे बसव्वानं बघितलं. मग अण्णासो खोकले. एकदाच. आणि संगमेशचे हात खाली येऊन मांडीवर बसले.

त्या खोकल्यानं बसव्वाचा बांध फुटला. ती खुर्चीवरून उठली, माइकबिइक काही नव्हता, पण इतकी वर्षं गिरणीच्या आवाजावरून बोललेली बाई ती.

“परवानगी? कुनी दिली परवानगी? माझी वाकळ फाडून चिलखत शिवलंय मी तिला, तवा कुठं हुता तुमी सगळी? दात पडलं तवा कुनाचा फेटा आलता धावून? अण्णासो, ‘आमचं काय जातंय’ म्हनला हुता न्हवं? तुमचं कायबी गेलं न्हाय. तिचं चाललंय समदं!”

“बसव्वाबाई, खाली बसा,” मास्तर माइकवरून म्हणाले.

“तू बस! तुला कशाचा फेटा रं?”

मास्तर खरोखरच बसले.

सौंदर्यानं टेबलावरचं हेल्मेट उचललं. हार काढून बाजूला ठेवला. जाळीवरचं कुंकू खोचलेल्या पदराच्या टोकानं पुसलं, कानाकोपऱ्यातलंही, सावकाश. मग माइककडं वाकून म्हणाली, “सोमवारी शिबिर हाय. मी जाणार हाय.” आणि हेल्मेट काखेत मारून, पायऱ्या उतरून, मधल्या वाटेनं सरळ बसव्वापाशी आली. वाटेतल्या लोकांनी पाय आखडून घेतले.

“चल, अव्वा.”

दोघी बाहेर पडल्या तेव्हा मांडवात मागं गणपतराव राष्ट्रगीत सुरू करायला सांगत होते. सौंदर्या जागच्या जागी ताठ उभी राहिली. बसव्वाही राहिली. राष्ट्रगीत संपल्यावर त्या उचगावच्या एसटीकडं निघाल्या.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो गणपतराव, अण्णासो आणि संगमेश यांचा. खाली ओळ होती, ‘मुरगूड येथे हॉकीपटूचा सत्कार उत्साहात.’

त्याच संध्याकाळी संगमेश मोटारसायकलवरून उचगावला आला. बायकोची मोठी किटबॅग मागं दोरीनं बांधून आणली होती. त्या बॅगेवर निळा कोट नीट घडी घालून ठेवलेला. बसव्वानं कोट बघितला म्हणून त्याला पाणी दिलं.

“अव्वा, मला बी कळतंय वं,” तो खाली बघत म्हणाला. “मी अण्णांची समजूत घालतो. तवर तिनं खेळून यावं.”

“तवर म्हंजे कवर?”

संगमेशनं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. सौंदर्या आतून आली, तिनं कोट उचलला आणि नवऱ्याला म्हणाली, “हात वर गेलतं तुमचं. मी बघितलं.” एवढंच. ते बरं म्हणून म्हणाली की वाईट म्हणून, हे त्यालाही विचारायचं धाडस झालं नाही. तो गेल्यावर बसव्वा कितीतरी वेळ पुटपुटत होती. हात वर जाऊन काय उपयोग? चेंडूला हात लागला आणि तरी गोल झाला तर फळ्यावर गोलच लागतो.

शिबिर झालं. सौंदर्याची निवड झाली. हिवाळ्यात हैदराबादला हॉलंडच्या संघाशी सामना ठरला, तेव्हा बसव्वानं गिरणीला कुलूप घातलं. पद्मावतीकाकूंनी विचारलं, “अगं, दळणाचं काय?”

“जाडं खा चार दिवस,” बसव्वा म्हणाली आणि गाडीत बसली.

मैदानावर तिला लेकीनं चांगल्या जागेचा पास दिला होता, मधोमध, सावलीत. बसव्वा तिथं बसली नाही. ती चालत चालत गोलाच्या पाठीमागं गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. इतक्या वर्षांत तिनं पहिल्यांदाच लेकीला हेल्मेट घालताना बघितलं. आधी केस मागं, मग हेल्मेट, मग हनुवटीखालचा पट्टा. मग दोन्ही खांबांना काठीनं एकेकदा ठोकलं, आणि पोर उभी राहिली.

चेंडू पलीकडच्या टोकाला गेला की सगळं मैदान तिकडं माना वळवायचं. बसव्वा फक्त इकडं बघायची. चेंडू तिकडं असतानाही सौंदर्या एक क्षण गप्प नव्हती. ओरडून पोरींना जागा सांगत होती, पुढं मागं सरकत होती, हातमोजे घट्ट करत होती. हे टीव्हीवर कधीच दाखवलं नव्हतं. मग त्या उंचच उंच बायका चेंडू घेऊन आल्या. सौंदर्या धावून पुढं गेली, आडवी पडली आणि चेंडू बुटाला लागून बाहेर गेला. उठली. पुन्हा आल्या. पुन्हा अडवलं. एकदा चेंडू थेट छातीवर आपटला, तो आवाज बसव्वाला आपल्या छातीत ऐकू आला. एकही कॅमेरावाला तिकडं फिरकला नाही.

खेळ संपत आला असताना हॉलंडला पेनल्टी कॉर्नर मिळाला. चेंडू कुणाच्या तरी काठीला लागून उडाला, दिशा बदलली, आणि सौंदर्याच्या खांद्यावरून मागच्या फळीवर खाडकन बसला.

तेव्हा ते आले. गळ्यात मोठमोठे कॅमेरे अडकवलेले पाच-सहा जण, पलीकडच्या कोपऱ्यातून धावत, धापा टाकत, गुडघ्यावर बसलेल्या सौंदर्याचा फोटो घ्यायला. कठड्यापाशी आले आणि त्यांच्यापुढं एक म्हातारी हात पसरून उभी राहिली.

“आत्ता आला व्हय रं?” बसव्वा ओरडली. “सकाळधरनं कुठं हुता?”

त्यांना मराठी कळलं की नाही कोण जाणे, पण ते थबकले. मागं, मैदानात, सौंदर्यानं तो आवाज ऐकला. हेल्मेटच्या जाळीतून तिनं एकदा वळून बघितलं. मग उठली, चेंडू फळीजवळून काढून मधल्या रेषेकडं भिरकावला, दोन्ही खांबांना काठीनं ठोकलं आणि पुन्हा गोलात उभी राहिली.